फळ्यांची जमीन खालून राखायची

माढ्यात कुणी लाकडी जमीन करून मागितली तर गवंडी दोनदा विचारतो, "नक्की ना?" त्याचं चुकत नाही. शहाबादी फरशी उन्हाळ्यात पाय गार ठेवते, पाण्याला घाबरत नाही आणि नातवंडांच्या काळापर्यंत टिकते. राहत्या घराला तीच बरी.

परसातल्या छंदाच्या खोलीचं मात्र तसं नाही. शहाबादीवर तीन-चार तास उभं राहून रंधा मारला की पोटऱ्या भरून येतात. हातातून पटाशी निसटली तर धार जाते आणि फरशीचाही टवका उडतो. भजनाच्या तालमीला बसणाऱ्यांना थंडीत दगड टोचतो, व्यायाम करणाऱ्यांच्या गुडघ्यांना तो मानवत नाही. शिवाय या तालुक्यात हत्यारं हाताळणारे हात पुष्कळ आहेत. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली तेव्हापासून कुर्डुवाडी हे रेल्वेचं गाव, आणि नॅरो गेजच्या वर्कशॉपात फिटर-सुतार म्हणून राबलेली घरं आजूबाजूला आहेत. अशा घरांच्या परसात दहा बाय बाराची पत्र्याची शेड उभी राहते आणि तिच्यात फळ्यांची जमीन असावी असं वाटू लागतं.

खरी पंचाईत पुढे असते. लोक फळ्या बसवतात, वरून चकचकीत पॉलिश मारतात आणि निर्धास्त होतात. दोन पावसाळे जातात आणि एक दिवस कोपऱ्यात पाय टेकला की फळी पापडासारखी मोडते. वरचं पॉलिश जसंच्या तसं, खाली मात्र मातीचा भुगा. आपल्याकडे लाकडी जमीन वरून झिजून क्वचितच जाते. ती जाते खालून, ओलीनं आणि वाळवीनं. म्हणून शंभर रुपये खर्चायचे असतील तर सत्तर खाली घाला.

हे ज्ञान काही नवं नाही. गावठाणातला एखादा जुना वाडा बघा. लाकडी खांब कधी जमिनीत पुरलेला दिसणार नाही, तो घडीव दगडी तळखड्यावर उभा असतो. मातीचा आणि लाकडाचा संबंध जुन्या सुतारानं तिथेच तोडलेला असतो. माळवदावर लाकूड आणि माती एकत्र नांदतात खरे, पण ती पांढरी माती असते, कोरडी राखलेली असते आणि पावसाळ्याआधी तिची डागडुजी होते. जिथे गळती दुर्लक्षिली तिथे आधी तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजतं. शेडच्या जमिनीलाही हाच न्याय लागतो. लाकूड मातीला टेकवू नका, आणि टेकलं नाही तरी खाली ओल कोंडू देऊ नका.

जागा आणि जोतं

सीना आणि भीमेच्या काठच्या गावांत काळी माती खोल आहे, माळावर थोडं उकरलं की मुरूम लागतो. ही काळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर थेट आधार ठेवले तर कितीही नीट लेव्हल केलेली जमीन वर्षभरात एका कोपऱ्यात उचलली जाते, फळ्या कुरकुरतात आणि दार अडकू लागतं. शेडच्या मापाची काळी शक्य तेवढी काढून टाका. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी टाका, प्रत्येक थरावर पाणी मारा आणि धुम्मसानं ठोका. एकदम दोन फूट मुरूम ओतून वर धुम्मस फिरवणं हा कामचुकारपणा आहे, तो पहिल्या पावसात उघडा पडतो.

जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट उंच घ्या. उजनी धरणाचं पाणी आल्यापासून तालुक्यात ऊस वाढला. ज्यांची शेड उसाच्या सरीला किंवा पाटाला लागून आहे, त्यांच्या जमिनीत मे महिन्यातही ओल सापडते. त्यांनी दीड फुटाचे दोन केले तरी चालेल.

पत्र्याच्या पागोळ्यांकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. पत्रा भिंतीच्या बाहेर चार बोटंच काढलेला असतो, त्यामुळे पागोळी जोत्याच्या पायाशी पडते, चिखल उडतो आणि भिंतीचा खालचा फूटभर भाग सतत भिजतो. पत्रा दीड फूट बाहेर काढा. पन्हाळ लावता आली तर उत्तमच. नाही तर पागोळ्यांच्या रेषेत फूटभर रुंदीचा खडीचा पट्टा टाका, म्हणजे पाणी उडत नाही आणि मुरतं ते भिंतीपासून लांब. शेडला टेकून तुळस, कढीपत्ता, केळ असं काही लावण्याचा मोह आवरा. रोज पाणी पडणारं झाड भिंतीपासून चार-पाच फूट तरी दूर हवं.

आधार, हवा आणि जाळी

जोत्याच्या आत दगडी किंवा काँक्रीटचे ठोकळे साडेतीन-चार फुटांवर मांडा. त्यांवर तीन बाय चार इंची तुळ्या उभ्या कडेवर ठेवा. एक इंच जाडीच्या फळीला दोन तुळ्यांमधलं अंतर दीड फुटापेक्षा जास्त नको, नाही तर मधोमध फळी लवते. ठोकळा आणि तुळई यांच्या मध्ये गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची टोपी घाला. ती ठोकळ्याच्या बाहेर सगळीकडून दोन इंच यावी आणि कडा खाली कलत्या वाकवाव्यात. वाळवी ठोकळ्यावरून चढते तेव्हा या कडेला वळसा घालून तिला मातीची नळी उघड्यावर बांधावी लागते. टोपी तिला ठार करत नाही, पण ती आल्याचं तुम्हाला दिसतं. ते दिसलं की निम्मी लढाई जिंकलीच.

मुरुमाच्या पृष्ठापासून तुळईच्या खालच्या अंगापर्यंत फूटभर जागा मोकळी असावी. समोरासमोरच्या भिंतींत, जोत्याच्या वरच्या भागात झरोके ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीला नऊ बाय सहा इंचाचे चार झरोके पुरतात. एकाच भिंतीत चारही ठेवून काही उपयोग नाही, हवा एका बाजूनं आत शिरून दुसरीकडून निघाली पाहिजे. झरोक्यांना पाव इंची छिद्रांची जाड गॅल्व्हनाइज्ड जाळी घट्ट बसवा. ही जाळी विसरलात तर खालची पोकळी आधी उंदीर बळकावतात, मग त्यांच्या मागे नाग किंवा घोणस येते. घुशी जाळी असली तरी मुरूम पोखरून आत येतात, म्हणून जोत्याची भिंत मुरुमाच्या खाली खोलवर गेलेली हवी. मच्छरदाणीची जाळी लावू नका. ती घूस एका रात्रीत फाडते आणि धुळीनं बुजून हवाही अडवते.

आणि दाराजवळच्या दोन फळ्या स्क्रूनं बसवून घ्या, खिळ्यांनी नको. त्या काढून खाली बॅटरी मारता आली पाहिजे. सुतार कटकट करील, तरी हे बसवतानाच करून घ्या. नंतर कुणी करत नाही.

वाळवी

आपल्याकडची वाळवी जमिनीत राहते आणि अन्नासाठी वर येते. तिला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती मातीची नळी बांधत प्रवास करते. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखांची वाळवी उडते आणि सकाळी खिडकीत पंखांचा सडा पडतो. तो दिसला की वारूळ जवळपास आहे असं समजा आणि जोत्याभोवती एक चक्कर मारा. भिंतीवर पेन्सिलीएवढी मातीची रेघ दिसली तर काडीनं तिचा दोन इंचांचा तुकडा पाडून ठेवा. दोन-तीन दिवसांत ती जागा ओल्या मातीनं पुन्हा बुजली, तर आत वर्दळ चालू आहे. तशीच उघडी राहिली तर ती नळी सोडून दिलेली असू शकते, पण दुसरी कुठे आहे का ते पाहिल्याशिवाय सुटकेचा श्वास घेऊ नका.

बांधकाम नवं असेल तर औषध मुरूम ठोकून झाल्यावर आणि तुळ्या मांडण्याआधी द्या. भारतीय मानक आयएस 6313 मध्ये याची रीत दिली आहे. पृष्ठभागावर चौरस मीटरला 5 लिटर द्रावण आणि जोत्याच्या भिंतीलगतच्या मातीत उभ्या पृष्ठाला चौरस मीटरमागे साडेसात लिटर. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के एससी वापरत असाल तर प्रमाण लिटरमागे 2.1 मिली. दहा बाय बाराच्या तळाला साधारण 55 लिटर पाणी आणि 115 मिली औषध लागतं. भिंतीलगतचं वेगळं धरा. द्रावण झारीनं सावकाश, सगळीकडे सारखं मुरेल असं घाला. वरवर शिंपडलं की औषध पृष्ठावरच राहतं, आणि वाळवी तर खालून येते.

क्लोरपायरीफॉस हे नाव शेतकऱ्यांना पाठ असतं आणि बहुतेकांच्या गोडाऊनमध्ये उरलेली बाटलीही असते. फवारणीतून उरलेलं औषध अंदाजानं शेडखाली ओतू नका. युरोपीय महासंघानं 2020 साली त्याची परवानगी संपवली ती उगाच नव्हे. जी खोली बंद करून तुम्ही आत तासन्‌तास बसणार, तिच्याखाली काय मुरतंय याचा विचार पिकापेक्षा जास्त करायला हवा. ज्या बाटलीच्या लेबलवर इमारतीतील वाळवीसाठी असा स्पष्ट उल्लेख आहे तीच घ्या. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. परसात आड किंवा बोअर असेल तर जमिनीत औषध ओतण्याचा विचार सोडा. तिथे पत्र्याच्या टोप्या, उंच जोतं आणि नियमित तपासणी यांवरच भर द्या.

औषधाइतकीच परसातली शिस्त महत्त्वाची. शेडच्या भिंतीला टेकून सरपण, गोवऱ्या, उसाचं पाचट रचून ठेवायचं आणि मग वाळवी आली म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावायचं, याला काय म्हणावं? पाचट म्हणजे वाळवीला घातलेलं जेवण. ते शेतातच कुजवा.

लाकूड कुठलं?

पैसा असेल तर सागवान. त्यातही गाभ्याचं लाकूड घ्या. कडेचा फिकट, पांढरा भाग असलेली फळी स्वस्त मिळते, पण भुंगा आधी त्याच भागात शिरतो आणि फळीखाली मैद्यासारखं पीठ पडू लागतं. कडुनिंबाला कीड कमी लागते, मात्र नीट वाळवलेला नसेल तर पीळ खातो. बाभूळ तुळ्यांना चांगली, फळ्यांना जड आणि हट्टी. आंबा आणि निलगिरी जमिनीसाठी घेऊ नका. आंब्याला कीड लगेच लागते आणि निलगिरी चिरफळ्या होऊन उलते.

माझ्या मते इथला सर्वांत शहाणा सौदा म्हणजे उतरवलेल्या माळवदाचं लाकूड. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात जड माळवदांनी किती जीव घेतले ते लोकांनी पाहिलं. नंतरच्या वर्षांत माळवदं उतरवून स्लॅब टाकण्याकडे कल वाढला आणि जुन्या तुळ्या, तक्तपोशीच्या फळ्या बाजारात आल्या. पन्नास-साठ वर्षं कोरडं राहिलेलं लाकूड आता आणखी फारसं आकसत नाही. घेताना प्रत्येक फळी हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळ आहे. टोकांना स्क्रूड्रायव्हर टोचा, तो सहज रुतला तर तेवढं टोक कापून टाका. खिळे सगळे काढल्याशिवाय रंधा मारू नका.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कुणी दाखवले तर मोहात पडू नका. त्यांना क्रिओसोट मुरवलेलं असतं. म्हणूनच ते उघड्यावर, रुळांखाली वर्षानुवर्षं टिकले. बंद खोलीत, पत्र्याच्या तापमानाला त्याचा वास आणि वाफा सुटतात, आणि ते अंगाला लागणं घातक आहे. बागेच्या कडेला त्याचा ओटा करा, शेडमध्ये नको. गाडीचं जळकं ऑइल फासण्याची आपल्याकडची सवयही खोलीच्या आत आणू नका. ते लाकडात फार खोल जात नाही, कपड्यांना लागतं, कातडीला वाईट, आणि एकदा फासलं की त्यावर कुठलंही पॉलिश धरत नाही.

साध्या लाकडाला बसवण्याआधी बोरिक-बोरॅक्सचं पाणी द्या. 10 लिटर कोमट पाण्यात 200 ग्रॅम बोरिक पावडर आणि 300 ग्रॅम बोरॅक्स विरघळवून फळीला सगळ्या बाजूंनी दोन-तीनदा ओलंचिंब होईपर्यंत ब्रशनं लावा. भुंग्याला आणि बुरशीला याचा चांगला अटकाव होतो. पण हे मीठ पाण्यात विरघळणारं आहे, पुढे फळी भिजत राहिली तर धुऊन जातं. त्यामुळे कोरडेपणाला हा पर्याय नव्हे.

कधी आणि कशा बसवाव्यात

सोलापूर जिल्ह्यात पाऊस थोडा आणि उशिराचा, सर्वांत जास्त सप्टेंबरात. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की लाकूड आडव्या अंगानं आकसतं, भाद्रपदात तेच फुगतं. ही चढउतार थांबवता येत नाही, तिला जागा द्यावी लागते. फळ्या चार इंचांपेक्षा रुंद घेऊ नका, रुंद फळी पन्हाळीसारखी वाकते. मे महिन्यात बसवत असाल तर प्रत्येक दोन फळ्यांमध्ये जुन्या एक रुपयाच्या नाण्याएवढी फट सोडा. सप्टेंबरात बसवत असाल तर फळीला फळी भिडवा, फट उन्हाळा आपोआप पाडेल. भिंतीलगत मात्र कोणत्याही ऋतूत अर्धा इंच जागा हवीच आणि ती पट्टीनं झाकायची असेल तर पट्टी भिंतीला ठोकायची, फळीला नाही. वखारीतून आणलेल्या फळ्या त्याच दिवशी ठोकू नका. त्याच खोलीत, मध्ये रिपा घालून, पंधरा दिवस रचून ठेवा.

पॉलिशचं काम फळ्या बसवण्याआधी सुरू होतं. फळीला सहा बाजू असतात आणि सहाही बंद व्हायला हव्यात. वरची बाजू तेलानं बंद आणि खालची कोरी ठेवली तर खालून ओल शोषून फळी कडांनी वर उचलली जाते. कापलेली टोकं सर्वांत तहानलेली असतात, त्यांना तीन हात द्या.

पीयू पॉलिश दिसायला छान आणि टणक असतं, पण कामाच्या खोलीत त्यावर ओरखडे पडतात आणि मग पूर्ण जमीन घासून परत मारावी लागते. छंदाच्या शेडला मी जवसाचं तेल सुचवीन. आपल्या रब्बीत होणारा आणि चटणीत जाणारा तोच जवस. फक्त घाण्यावरचं कच्चं तेल नको, ते वाळायला बरेच दिवस घेतं आणि तोवर धूळ धरतं. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल म्हणून मिळतं ते घ्या. पहिल्या हातात निम्मं टर्पेंटाइन मिसळा म्हणजे ते खोल जातं. लावल्यावर वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल कोरड्या फडक्यानं पुसून काढा, नाही तर चिकटपणा महिनाभर जात नाही.

इथे एक गोष्ट जिवावरची आहे. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलानं माखलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि काडी न लावता फडकी पेटतात. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली, शेजारी रंध्याचा भुसा असताना, ही शक्यता आणखी वाढते. फडकी पाण्यात बुडवून मग उघड्यावर, एकेक सुटी, दोरीवर वाळत घाला. काम संपल्यावर हात धुण्याच्या आधी हे करा.

रोजचा वापर

धूळ झाडूनं काढा, पुसायचं असेल तर फडकं पिळून घ्या. बादलीनं पाणी ओतून धुण्याची आपली सवय शेडच्या दाराबाहेर ठेवा. निवडणुका आणि वाढदिवस झाले की फ्लेक्सचे बॅनर फुकट मिळतात आणि ते जमिनीवर पसरायचा मोह होतो. त्यांच्याखाली ओल कोंडते आणि फळ्यांवर काळे डाग धरतात. ताडपत्रीचंही तेच. कामाच्या टेबलापुढे उभं राहायला गोठ्यात टाकतात ती रबरी मॅट चांगली, पायाला आराम आणि हत्यार पडलं तर फळीला मार नाही. पण दर आठवड्याला ती उचलून भिंतीला उभी करा. वेल्डिंग फळ्यांवर करायचंच नाही. ग्राइंडरची ठिणगी फटीतून खाली भुशात पडली तर ती तासाभरानं धुमसते. हे काम अंगणात.

थंडीत पहाटे पत्र्याला आतून घाम येतो आणि थेंब ओळीनं फळ्यांवर पडतात. छताखाली थर्माकोलची किंवा फोमची शीट लावली की तो थांबतो, दुपारची भट्टीही थोडी कमी होते.

ज्यांची शेड आधीच बांधलेली आहे आणि जोतं उचलणं शक्य नाही, त्यांनी आधी एक चाचणी करावी. कोब्यावर किंवा शहाबादीवर दोन फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला दव धरलं किंवा फरशी गडद झाली तर खालून ओल येते. चाचणी पावसाळ्यात करा, मे महिन्यात सगळ्याच फरश्या पास होतात. ओल आढळली तर त्या फरशीवर कायमच्या फळ्या ठोकू नका. शहाबादीच्या सांध्यांतून वाळवी बिनबोभाट वर येते आणि फळ्यांखाली ती दिसतही नाही.

अशांसाठी मी सुटी जमीन सांगेन. द्राक्ष-डाळिंबाच्या पॅकहाउसमधून लाकडी पॅलेट स्वस्तात मिळतात. निर्यातीच्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात एचटी ही अक्षरं असतील तर लाकूड उष्णतेनं निर्जंतुक केलेलं आहे, ते घ्या. एमबी असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घेऊ नका. पॅलेट सुटे करून तीन बाय दोन फुटांच्या पट्टीदार फळ्या करा, खाली रबरी गुट्ट्या ठोका आणि फरशीवर नुसत्या मांडा. महिन्यातून एकदा बाहेर काढून दिवसभर उन्हात उभ्या करा. एखादी सडली तर तेवढीच बदलायची. देखणेपणात ही जमीन सागवानाच्या जवळपासही जात नाही, पण ओलीच्या शेडमध्ये यापेक्षा टिकाऊ लाकडी जमीन होत नाही.